ए फॉर अकोले

यंत्रावर जीव टाकणारा एक माणूस आणि यंत्राचा काडीइतकाही भरवसा न धरणारा दुसरा, अशी जोडी शोधायला निघालात तर देवळाली प्रवरेला तुम्हाला एकच माणूस भेटेल, आणि तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. घरात ट्रान्झिस्टर आला तेव्हा त्याला धूळ लागू नये म्हणून त्यांनी अक्काच्या जुन्या लुगड्याची झूल शिवून घेतली, पण बातम्या संपल्या की चपला घालून पारापर्यंत जायचे आणि तिथल्या मंडळींना विचारायचे, "खरं हाय का रं हे?" विहिरीवरची विजेची मोटर चालू करण्याआधी तिला नमस्कार करायचे, आणि मग पाणी खरंच येतंय का ते पाटात पाय घालून बघायचे. मी नगरला कचेरीत कारकून. फायलींनी दमलेला, एसटीच्या गर्दीला कंटाळलेला. अक्काकडे जाणं माझ्याकडून कमीच व्हायचं. गेलो की निघताना वाटायचं, आणखी एक दिवस राहायला हवं होतं. राहिलो मात्र कधीच नाही.

दाजींचा खरा जीव होता टेलिफोनवर. गावच्या सोसायटीत काळा, जडशीळ फोन होता आणि दाजी सोसायटीच्या पंचांपैकी एक, त्यामुळे त्या फोनवर त्यांचा निम्मा हक्क. फोनला हात लावण्याआधी ते चपला दाराबाहेर काढत. ट्रंक कॉल नोंदवताना पलीकडच्या एक्सचेंजमधल्या बाईला नाव कळलं नाही की ती इंग्रजी अक्षरं विचारायची, आणि ए फॉर अमेरिका, बी फॉर बॉम्बे असं करत नाव सांगायची तेव्हा पद्धत होती. दाजी सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती. पण अमेरिका त्यांना पटेना. "अमेरिकेला आपलं कोन हाय?" ते मला म्हणाले. "अकोल्याला माझी मावशी हाय. नाव घेतलं की मानूस डोळ्यापुढं हुभं ऱ्हायला पायजे, तर ते तारेतनं जाईल."

झालं. दाजींनी स्वतःची एबीसीडी रचायला घेतली. ए फॉर अकोले, बी फॉर भंडारदरा, के फॉर काष्टी, कारण काष्टीच्या बाजारातून आणलेला बैल कधी आजारी पडला नाही. व्ही फॉर विहीर, डब्ल्यू फॉर वखर. क्यू साठी कितीतरी दिवस ते उदास होते. मग साखर कारखान्यावरच्या कामगारांच्या खोल्या दिसल्या आणि क्यू फॉर क्वार्टर झालं. माझ्या कचेरीत त्यांचा फोन आला की साहेबांसकट सगळी कचेरी हातातलं काम खाली ठेवायची. "हॅलो, देवळालीहून बोलतोय. डी फॉर देवळाली, ई फॉर ईळा..." मी हळूच म्हणायचो, "दाजी, मी ओळखलं तुम्हाला. काय काम होतं?" तिकडून आवाज यायचा, "तू वळखलंस रं, पन यंत्राला कुठं कळतंय? ऐकून घे." आणि बोलण्याची वेळ अक्षरांतच संपायची. फोन कशासाठी होता ते मला पुढच्या पत्रातून कळायचं. माझे सहकारी हसायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायचो आणि संध्याकाळी घरी जाताना मला उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

एक अक्षर मात्र रिकामंच राहिलं. वाय. मी एकदा जेवताना सहज म्हणालो, "दाजी, वाय फॉर यमुना घ्या की." यमुना हे अक्काचं नाव. दाजींच्या हातातला घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून त्यांनी ते नाव एकदाही घेतलं नव्हतं. घरात हाक मारायची तर 'अगं ए', नाहीतर 'ऐकलं का'. "चारचौघांत बायकोचं नाव वरडू व्हय?" ते म्हणाले. "सोसायटीत पंच बसल्यालं असत्यात." अक्का चुलीपुढे पाठमोरी बसली होती. ती वळलीही नाही. मला वाटलं, लाजली.

नुसता शब्द रचून दाजींचं भागत नसे. शब्द कसाला लागायचा. दुष्काळाच्या त्या वर्षी पाटाला पाणी नव्हतं म्हणून विहिरीच्या पाण्यावर जनावरांपुरता लसूणघासच होता, गुडघाभर. दाजी एका बांधावर, अक्का दुसऱ्या बांधावर, मध्ये ते हिरवं वावर आणि शेजाऱ्याचं धडधडणारं ऑईल इंजिन. दाजी मान पुढे काढून, हात तोंडाशी धरून शब्द ओरडायचे. अक्काला ऐकू गेला की तिने हात वर करायचा, की दाजी गरजायचे, "पास!" भाकरी थापायची राहिली तरी ती उभी राहायची. तिने हात वर केला नाही असा शब्दच नव्हता. "तुज्या अक्काचं कान म्हंजी एक्सचेंज हाय," दाजी मला अभिमानाने म्हणत.

दुष्काळ सरला, पाटाला पाणी आलं, आणि घासाच्या जागी ऊस लागला. तो पुरुषभर उंच झाला तेव्हा मी एकदा गेलो होतो. दाजींच्या डोक्यात नवीन विचार आला होता. फोनच्या तारा इथून नगरपर्यंत उसाच्या कडेनेच जातात, तेव्हा उसातून जो शब्द टिकेल तो खरा. आता हात दिसणार नव्हता, म्हणून अक्काच्या हातात घमेलं आणि दांडकं दिलं: ऐकू आलं की वाजवायचं. मला साक्षीदार म्हणून तिच्याजवळ उभं केलं आणि दाजी उसापलीकडे गेले.

थोड्या वेळाने स्वच्छ आवाज आला, "अकोले!" अक्का उसाच्या शेंड्यांकडे बघत उभी. दांडकं उचललेलं, चेहरा अगदी एकाग्र. "अकोले!" पुन्हा आला. मग, "नापास! भंडारदरा!" मग तेही नापास झालं. अक्काने माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, सुरू केलं का रं त्यांनी?"

मी तिच्या हातातून दांडकं घेतलं आणि पुढच्या शब्दाला जोरात घमेलं वाजवलं. त्याच्या पुढच्यालाही. काय करावं हे न सुचलेला माणूस करतो तसं वाजवतच राहिलो. पलीकडचा आवाज थांबला. उसाच्या कडेने दाजी आले, धापा टाकत. दांडकं कोणाच्या हातात आहे ते त्यांनी पाहिलं. मग अक्काकडे पाहिलं.

"ऐकू येत न्हाई व्हय तुला?"

अक्का त्यांच्या ओठांकडे बघत होती. "येतंय की," ती म्हणाली. "घासाच्या वावरात समदं येत हुतं."

"मग आज काय झालं?"

"तवा तुमी दिसत हुता."

दाजींनी तिला नगरला आणलं. माझ्याच घरी उतरले. डॉक्टरांनी सांगितलं की हे हळूहळू कित्येक दिवस चाललेलं आहे आणि गेलेलं ऐकू येणं आता परत यायचं नाही. कानाचं यंत्र मिळालं: काड्यापेटीएवढी डबी आणि कानात जाणारी तार. दाजींनी त्यालाही झूल शिवून घेतली. पण त्यातून अक्काला नुसतं कोंबड्यांचं फडफडणं आणि भांड्यांचा खणखणाट यायचा. चार दिवसांत तिने ते ट्रान्झिस्टरच्या शेजारी फळीवर ठेवून दिलं. दाजींचे ट्रंक कॉल बंद झाले. कचेरीत लोक विचारायचे, "काय हो, तुमचा अकोले गेला कुठे?" मी आजारपणाचं काहीतरी सांगायचो आणि पुन्हा फायलीत मान घालायचो. खरं तर त्या फोनची मला आठवण येत होती.

ऊस तुटून गेल्यावर मी देवळालीला गेलो. त्या वेळी खरोखरच रजा टाकून गेलो होतो. वावर उघडं पडलं होतं, पाचट जळून काळं झालेलं, आणि बांधाबांधावर माणसं शेळ्या चारत होती. अक्का म्हणाली, "चल, त्यांची परीक्षा हाय." दाजी पलीकडच्या बांधावर उभे होतेच. आता ते शब्द फार सावकाश ओरडत, तोंड भलं मोठं उघडून, आणि शब्दाबरोबर हातानेही काहीतरी करत. काष्टीला बैलाची शिंगं, वखराला दोन्ही मुठी. अक्काचा हात दर वेळी वर जायचा.

डब्ल्यू झाला, एक्सचा एक्स-रे झाला. मग दाजी थांबले. इकडेतिकडे बघितलं. टोपी सरळ केली. शेळ्यावाल्यांनी माना वर केल्या इतक्या मोठ्याने ते ओरडले, "यमुना!" हाताने काहीच केलं नाही. हात दोन्ही बाजूंना तसेच सरळ सोडलेले होते.

मी अक्काला सांगायला तोंड उघडलं. पण तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं होतं. "येडं झालंय हे मानूस," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिचा दुसरा हात हळूहळू वर गेला.

"पास!" पलीकडून आवाज आला. आम्हा दोघांत तो फक्त मला ऐकू आला.