हंडा ठेवलेली जागा

दवाखान्यासमोरच्या छोट्या कॉफीच्या दुकानात मी होते, माझी सून सुनंदा होती, कॉफी देणारी मुलगी होती आणि लॅपटॉपवाला एक दाढीवाला होता. माझ्या गुडघ्यात इंजेक्शन घेऊन आम्ही आत आलो, तर बसायला जागा नाही. टेबल एकच, ते दाढीवाल्यानं धरलेलं, त्याला चार खुर्च्या. एकीवर तो, बाकीच्यांवर त्याची बॅग, हेल्मेट आणि जॅकेट. कप कधीचाच रिकामा.

सुनंदा म्हणाली, "आई, उठवू का त्याला?"

"नको गं. त्यानं जागा धरलीय."

आमच्या वस्तीत नळाला हंडा ठेवला की ती जागा त्या बाईची. अंगात ताप असतानाही मी दुसरीचा हंडा कधी सरकवला नाही. पण हंडा भरला की बाई उचलून चालू लागायची. याचं काय भरायचं राहिलंय, तेच मला कळेना. गुडघा ठणकत होता. मी त्या लॅपटॉपकडं बघत उभी राहिले.

त्यानं वर पाहिलं. "आजी, कुणाची वाट बघताय?"

"तुझीच रे बाबा. भरलं का तुझं?"

तो गोंधळून सुनंदाकडं बघायला लागला. मग त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. मी बसले. त्याचं भरलं होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही.

तुम्हीही असं काम करत बसत असाल, तर सामान तेवढं खाली ठेवा.