वळचणीचा कप

पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस गावात ओळखू येतो तो त्याच्या ताठ चालण्यावरून. आकाराम जाधवचं मात्र उलटं होतं. त्याचा सगळा उमेदीचा काळ पलटणीची गाडी हाकण्यात गेलेला, त्यामुळं तो चालायचा ते जरा पुढं वाकून, जसं काही छातीसमोर अजून स्टिअरिंग आहे. पिंपळओढ्याची पोरंसोरं त्याच्यामागून तशीच वाकून चालत आणि तोंडानं हॉर्न वाजवत. आकाराम मागं वळूनही बघायचा नाही. नुसता उजवा हात बाहेर काढून वळायची खूण करायचा आणि आपल्या बोळात शिरायचा. असा माणूस.

साल त्र्याहत्तरचं. दुष्काळ ऐन भरात. लोणंदपासून बैलगाडीच्या अंतरावरचं हे गाव. विहिरींना नुसता तळ आणि तळाला भेगा. हातात फावडं धरता येईल ते प्रत्येक माणूस पाझर तलावाच्या कामावर. दिवसभर माती उपसून गळे कोरडे झालेली माणसं रस्त्यानं परतताना बघून आकारामच्या डोक्यात आलं, की आपल्या रस्त्याकडच्या छपरात चहाचं हॉटेल काढावं. हॉटेल म्हणजे तरी काय, दोन बाकडी, एक चूल, शालूबाईच्या दोन शेळ्यांचं दूध आणि फळीवर पलटणीतून आणलेला ट्रान्झिस्टर. शालूबाई म्हणजे त्याची कारभारीण. बोलायला लागली की भल्याभल्यांना दम खायला लावणारी.

हॉटेल काढायच्या आधीच पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. जोतीराम.

जोतीराम ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातला. बौद्ध होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी गावाच्या तोंडात अजून वाड्याचं जुनंच नाव. पण पलटणीत दोघं एकाच गाडीवर, आकाराम चालवायला आणि जोतीराम जोडीला. पठाणकोटच्या पुढं थंडी अशी, की चहा ओठाला लागेपर्यंत निवायचा. एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा दोन मगांतला एक खिडकीतून गेला तो गेला. दुसरा मागून घेता आला असता, पण दोघांनीही मागितला नाही. तिथनं पुढं एकाच मगात दोघं. निम्मा ह्यानं, निम्मा त्यानं. आणि "तुझा निम्मा मोठा असतो" यावरून रोजचं भांडण.

"पैला च्या माझा," जोतीरामनं सांगून ठेवलं होतं. "आनि निम्मा न्हाई. आख्खा."

उद्घाटनाला नारळ फोडायला आकारामचे चुलते आप्पासो आले. सारा गाव त्यांना तात्या म्हणायचा. तात्या माणूस मायाळू. आकारामचा बाप लवकर गेला तेव्हा त्यांनीच त्याला पोसलं. पण मायाळू माणसाच्याही डोक्यात काही खिळे असे ठोकलेले असतात, की ते त्यालाही दिसत नाहीत. नारळ फोडायच्या आधी तात्यांनी धोतराच्या सोग्यातून एक दांडी मोडलेला कप काढला आणि बाहेर छपराच्या वळचणीला खोचून ठेवला.

हा कप कशाला, ते त्या काळात कुणाला विचारावं लागत नसे. त्या रस्त्याला लागून असलेल्या हरेक हॉटेलात असा एक कप असायचा. ओढ्यापलीकडचा माणूस आला की त्यानं तो कप काढायचा, बाहेरच उकिडवं बसायचं, वरून ओतलेला चहा प्यायचा, कप आपला आपण विसळायचा आणि परत वळचणीला ठेवायचा. आतल्या कपबशा हॉटेलवाल्यानं धुवायच्या, बाहेरचा कप पिणाऱ्यानं. कायदा काही म्हणो, रीत ही.

जोतीराम आला तो इस्त्री केलेला खाकी शर्ट घालून. उंबऱ्याशी थांबला. त्याला कप दिसला. मग त्यानं आकारामकडं बघितलं.

आणि आकारामनं चुलीकडं बघितलं.

एवढंच झालं. "दुकान चांगलं मांडलंयस, गड्या," जोतीराम म्हणाला आणि आल्या पावली निघून गेला.

त्या दिवशी चहा बक्कळ खपला. पण आकारामचं तोंड दुधात माशी पडल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून जोतीराम कामावरून येताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचा. मुद्दाम नाही, सहज गेल्यासारखा. ते जास्त लागायचं.

"त्यो कप काढायला तुमचा हात मोडलाय व्हय?" शालूबाई म्हणाली.

"तात्या बापाच्या जागी हायत, शालू."

"आनि ती खिडकीतनं गेल्याल्या मगाची गोष्ट मला इतक्या येळा सांगताय, त्यो जोतीराम कुनाच्या जागी हाय?"

शेवटी आकाराम ओढा ओलांडून गेला. जोतीराम अंगणात फावड्याला नवा दांडा बसवत होता. त्यानं बसायला घोंगडं टाकलं, बायकोनं चहा आणला. आकारामनं तो प्याला आणि मग बोलायला तोंड उघडलं.

"त्यो कप मी ठिवला न्हवता रं."

"ठावं हाय." जोतीरामनं दांडा ठोकला. "कपाचं मला न्हाई. तसलं कप लय बघितलं. तू चुलीकडं बघितलंस, त्याचं हाय."

आकारामनं रिकामा कप खाली ठेवला.

"मला एकट्याला गुपचूप आत बोलवायला आलाय आसशील, तर नगं. मी येईन, पन सगळ्यांसाठनं जवा तसं आसंल तवा. न्हाईतर हितंच पीत जा. आमचा च्या काय वाईट हाय?"

"गूळ जास्त हाय," आकाराम म्हणाला.

"तुला निम्माच द्याला पायजे हुता," जोतीराम म्हणाला, पण हसला नाही.

पुढच्या बाजाराला आकाराम सगळ्या कपबशा टोपलीत घालून लोणंदला रहिमानभाईंच्या भांड्यांच्या दुकानात गेला. रहिमानभाईंनी कप उलटेपालटे करून बघितले. "आवं, नवंकोरं हायत की! मोडीत का काढताय?"

"जुळत न्हाईत, भाई. मला सारकं पायजेत. एकातनं दुसरा वळकाय नगं."

रहिमानभाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग आतून इनॅमलचे पांढरे मग काढून दिले, निळ्या काठाचे, पलटणीत असतात तसेच. ते सगळे आकारामनं छपरात एका ओळीनं टांगले. वळचणीचा कप काढून शालूबाईनं आत नेला आणि धुऊन, पुसून, चुलीजवळ मीठ भरून ठेवला.

गावात बभ्रा झाला. पलटणीत जाऊन पोरगं बिघडलं, वाकडं निघालं. आता बघा, गावाची ओळच वाकडी असली की तिच्यात सरळ उभं राहणारा माणूसच वाकडा दिसायचा. सकाळी तात्या काठी आपटत आले.

"ह्यात वाड्यावरच्यांचा मग कंचा?"

"सगळंच," आकाराम म्हणाला. यावेळी त्यानं चुलीकडं बघितलं नाही.

"म्हंजी आमी कुनाच्याबी मगात प्याचं? धरम बुडवलास!"

"तात्या, परवा रेशनाच्या रांगंत तुमी मिलो घ्यायला हुता. अमेरिकेतली ती लाल जवारी. ती तिकडं कुनी पेरली, कुनी मळली, कुनाकुनाचा हात लागला, इचारलंसा?"

"शिजवून खातो. इस्तवावर गेलं की शुद्ध हुतंय."

"मग माझा च्या काय बिनइस्तवाचा हाय?"

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तिकडं ती मिलो डुकरांना घालत्यात म्हनं," आकाराम हळू म्हणाला. "आख्खा गाव त्यांच्या वळचनीला वाडगं घिऊन बसलाय, तात्या. आनि हितं आपन कुनाला भायेर बशिवतोय?"

तात्या काठी उचलून गेले. त्यांच्यामागं गिऱ्हाईकही गेलं. चहा आटून काळा व्हायचा आणि शालूबाई तो ओतून द्यायची. ओढ्यापलीकडची माणसंही येईनात. उद्या आकाराम कच खाईल, मग आपण तोंडघशी पडायचं, असं त्यांना वाटणं साहजिक होतं. जोतीराम अजूनही पलीकडच्या कडेनं जायचा, फक्त आता जाताना छपरात टांगलेल्या मगांकडं एकदा बघायचा.

हॉटेल बुडायचंच. पण ट्रान्झिस्टर होता. आणि कुस्त्यांच्या बातम्या ऐकल्याशिवाय तात्यांना जेवण जात नसे. पहिल्यांदा ते रस्त्यावर उभं राहून ऐकू लागले. मग बाकड्याच्या टोकाला टेकले. आणि चुलीवर चहा उकळत असताना टेकलेल्या म्हाताऱ्याचं काय होतं, ते सांगायला नको. एके दिवशी ते घरून स्वतःचा कप घेऊन आले. गुलाबाच्या फुलांचा, बशीसकट.

"मी ह्यात पिनार. माझा येगळा ठिवायचा."

आकाराम बुचकळ्यात पडला. तेवढ्यात आतून, पदर पुढं ओढून, शालूबाई बोलली. "ठिवू की, मामंजी. येगळा कप वळचनीला. आनि आपला आपन इसळायचा."

"आँ?"

"मी न्हाई काडली ती रीत. तुमीच घालून दिल्याली हाय. आतलं मग मी धुती. येगळ्या कपाला हाटेलवाल्यानं हात लावायचा न्हाई."

तात्यांनी आकारामकडं बघितलं. आकाराम म्हणाला, "रीत मोडाय नगं, तात्या." आणि वळचणीला एक जागा मोकळी करून दिली.

म्हातारा हट्टाचा. चहा प्यायला, कप-बशी घेऊन बाहेर दगडापाशी उकिडवा बसला. एका हातात कप, एका हातात बशी, पाणी घ्यायला हात उरला नाही. समोर टँकरच्या पाण्याची बादली.

"आरं, कोन हाय का? पानी वता जरा."

कामावरून लोक परतत होते. कुणीतरी बादलीतला तांब्या उचलला आणि जपून, बारीक धारेनं पाणी ओतलं. तात्यांनी कप धुतला, बशी पुढं केली, आणि पाण्याची धार थांबली म्हणून मान वर केली.

जोतीराम उभा होता. तांब्या हातात.

रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. आकाराम उंबऱ्यावर आला. आज तो बघत होता, सरळ, दोघांच्याही तोंडाकडं. तात्यांची मान बराच वेळ वरच राहिली. म्हाताऱ्याला काय दिसलं कोण जाणे. कदाचित एवढंच, की इथं बसून वर बघताना माणूस केवढा उंच दिसतो.

"वत की रं," तात्या शेवटी म्हणाले. "थांबलास का? बशी ऱ्हायलीया."

जोतीरामनं ओतलं. मग तांब्या बादलीवर ठेवला, हात शर्टाला पुसले आणि उंबरा ओलांडून आतल्या बाकड्यावर बसला. त्याच्यामागून ओढ्यापलीकडचे अजून दोघं-तिघं आले. तात्या कप घेऊन वळचणीशी घुटमळले. मग तो बंडीच्या खिशात घातला आणि बशी हातात धरून, काही न बोलता बाकड्याचं आपलं टोक गाठलं. कुस्तीची बातमी अजून संपली नव्हती.

आकारामनं एक मग काढला, काठोकाठ भरला आणि जोतीरामपुढं ठेवला. जोतीरामनं निम्मा पिऊन तो त्याच्याकडं सरकवला.

"आख्खा म्हनला हुतास की," आकाराम म्हणाला.

"निम्मा मोटा घेतलाय. बघ."

"आवं, वळीनं मग टांगल्यात," आतून शालूबाई ओरडली, "आनि दोगं एकातच पिताय? मग इकत तरी कशाला आनलं?"