शिरेतून हाडाकडे

धाकट्या बहिणीची अस्थिमज्जा रक्त तयार करेनाशी झाली, तेव्हा मी नाशिकच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवीत होते. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षे. उपचार मुंबईत होते आणि मूळपेशी माझ्या द्यायच्या होत्या. भावंडांत माझ्याच जुळल्या. त्या रुजल्या नाहीत तर बहीण वाचणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

मेहुणे मखमलाबादला मेथी आणि झेंडू करीत. "हाडं उघडून गर भरणार," असे त्यांनी घोटीपर्यंतच्या नातलगांना सांगून टाकले होते. प्रत्यक्षात सिस्टरने एक लालसर पिशवी टांगली आणि तिची नळी बहिणीच्या गळ्याजवळच्या शिरेला जोडली.

"ताई, हे तर शिरंत सोडलं! चुकलं यांचं. थांबवा की!" मेहुणे उठलेच.

"बसा हो," बहीण मास्कआडून म्हणाली. "मी काय तुमचा वाफा आहे, खुरप्यानं उकरायला?"

गैरसमज माझ्याही मनात होता. रक्त केवळ वाहून नेते, असेच मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते; मग या पेशी नेमक्या हाडातच कशा थांबणार, हे मलाही कळेना. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून समजावले: मज्जेतून एक रसायन सतत पाझरते; मूळपेशीच्या पृष्ठभागावर त्यालाच ओळखणारा ग्राही असतो. रसायन ग्राहीला जुळले की पेशीच्या आत संदेश उमटतो. मग ती रक्तवाहिनीच्या भिंतीला बिलगते, फटीतून बाहेर सरकते आणि रसायन जिथे दाट, तिथे मुक्काम करते. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी वाट चुकत नाही. इतका काटेकोर विद्यार्थी मला वर्गात क्वचितच भेटला.

मेहुण्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी पोचणं येगळं आन लागणं येगळं. रोप वाफ्यात गेलं म्हंजी लागलं, असं नाय."

शास्त्रही हाच भेद करते. पेशी दिवसभरात पोचतात. रुजायला आठवडे लागतात. रोज सकाळी पांढऱ्या पेशी मोजल्या जात आणि रोज जवळजवळ काहीच नसे. बहिणीला ताप होता, तोंड आले होते. संसर्गाच्या भीतीने तिला स्पर्श करायची मनाई होती.

पंधरवडा उलटल्यावर आकडा हलला. दुसऱ्या दिवशी वाढला, तिसऱ्या दिवशी आणखी. "रुजल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मेहुणे कोपरापर्यंत हात धुऊन आले आणि त्यांनी विचारले, "आता हिला हात लावू का?"

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

"आधी नखं दाखवा," बहीण म्हणाली.

त्यांनी दहाही बोटे पुढे केली.