अक्कलकोटच्या रस्त्यावर एक काळं नख आणि दोन जोडवी

सोलापूर ते अक्कलकोट पळत जायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी अडवलं नाही. अडवलं ते माझ्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटानं. नख पिकल्या जांभळासारखं काळं. डॉक्टर म्हणाले, "बोट लांब, बूट आखूड, त्यात हे जोडवं. बूट बदला, जोडवं काढा, नाहीतर पळणं सोडा." पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी बूट बदलले, अर्धा नंबर मोठे घेतले. जोडव्याचा निर्णय मात्र सोलापूरला जाऊन घ्यायचा होता, कारण मुक्काम सुमनवन्संकडे होता.

सुमनवन्सं माझ्या मोठ्या नणंद. भावोजी गेल्यापासून एकट्याच राहतात आणि स्कूटीवरून अख्ख्या पेठेला धाकात ठेवतात. पुण्याहून सकाळची रेल्वे पकडली की दुपारच्या आत सोलापूर. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर वन्संचे टोमणे, तेही कडकच.

संध्याकाळी मी नखाला कागदी टेप लावत बसले. पळणाऱ्यांनो, ऐका: नखं आठवडाभर आधी सरळ कापा, कोपरे खोदू नका. नख सुटं झालं तरी उपटू नका, खालच्या कोवळ्या कातडीचं ते छप्पर असतं. पाय धुऊन कोरडे ठेवा. पू दिसला तर डॉक्टर गाठा, आणि मधुमेह असेल तर पू दिसायची वाटच पाहू नका.

टेपच्या आड येणारं जोडवं मी ओढलं.

"नवरा धडधाकट असताना जोडवी काढतीस व्हय?" वन्सं म्हणाल्या.

"नख जाईल, वन्सं."

त्यांनी माझ्या नखाकडे वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी काढली तवा मला कुणी इचारलं न्हाय."

मी जोडवं परत सरकवलं. जाऊ दे नख, म्हटलं.

उजाडताना बूट घालायला बसले, तर वन्संनी समोर तळवा धरला. "दे हिकडं दोन्ही. मी संबाळते."

रस्ता चांगला आहे, पण ट्रकवाले तो आपल्या तीर्थरूपांचा समजतात, कडेनंच पळा. जानेवारीतली ज्वारी दोन्ही बाजूंना कणसावर आलेली. सूर्य वर आला आणि काळ्या रानावर एवढं आभाळ उघडलं की माझी जीभसुद्धा थांबली. हे क्वचित घडतं. वन्सं स्कूटीवर मागे, पुढच्या पिशवीत लिंबू-मीठ-पाणी.

वळसंगला चहाच्या टपरीवर एक आजोबा म्हणाले, "बाई, गाडी हाय की मागं. बसा की."

"बसंल कशाला," वन्सं म्हणाल्या, "पुण्याची हाय, पेट्रोल वाचवती."

पुढे ठणका वाढला. दर पावलाला वाटायचं, हे नख आता गेलं. पण बोटाला बुटात हलायला जागा होती. एका बोटाएवढी मोकळीक माणसाला किती लांब नेते, हे मला त्या दिवशी कळलं. अक्कलकोट जवळ आलं तशा पाट्यांवर आणि बोलण्यात कानडी मिसळू लागली, आणि मी लंगडत का होईना, पोचले.

दर्शनाच्या रांगेआधी नळावर पाय धुवायचे होते. मला वाकता येईना. वन्सं, माझ्याहून थोरल्या, खाली बसल्या आणि माझे पाय हातात घेऊन धुतले. नख काळं होतं, पण जागेवर होतं.

"वन्सं, जोडवी?"

त्यांनी चप्पल काढली. दोन्ही बोटांत चांदी चमकत होती.

"पर्समधनं पडतील म्हून घातली," त्या म्हणाल्या आणि रांगेत माझ्या पुढे उभ्या राहिल्या. भोवती हजार पाय होते. मी दर्शन होईपर्यंत त्या दोन पायांकडेच बघत होते.

मी परत मागितली नाहीत. त्यांनीही दिली नाहीत.

घरी येऊन महिना झाला. जुनं नख परवा मोज्यात आपोआप गळलं, खाली नवं डोकावतंय. नवऱ्याचं लक्ष माझ्या मोकळ्या बोटांकडे काल गेलं.

"जोडवी कुठायत?"

"तुझ्या ताईच्या पायात."

त्यानं पेपर खाली ठेवला. मग विचारलं, "बसतात तिला?"

"अगदी नीट," मी म्हटलं.