शेवटचा हात

चित्रकलेच्या बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी टांगून झाली, दुकानदार चहा पाजून मोकळा झाला, तरी हा माणूस शिडीवरून उतरायचा नाही. एखाद्या अक्षराचं पोट जरा फुगव, एखादी मात्रा सरळ कर, असं चालायचं. "शेवटचा हात फिरल्याशिवाय काम पुरं होत नाही," म्हणायचे. बाई या वाक्यावर वाढल्या. पुढे शाळेत लागल्या, पाचवी-सहावीला शिकवू लागल्या. वडील गेले, केस पिकले, पण हाताची खोड गेली नाही.

मुलांवर त्यांचा जीव होता. बाकीचे शिक्षक वर्गात हजेरी घेऊन शिरत, बाई बादली घेऊन. बादलीत रद्दीचा लगदा, दोन दिवस भिजून आंबूस वास सुटलेला. "या, हात घाला. नाकं मुरडायची ती नंतर मुरडा." पहिल्या तासाला मुलं शी-शी करायची आणि दुसऱ्या तासाला कोपरापर्यंत बुडायची. चित्रकलेची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. तिथल्या बाकांवर खळीचे पोपडे होते आणि पंख्याच्या पात्यावर एक निळा शिंतोडा. तो तिथवर कसा उडाला याच्या प्रत्येक वर्गात वेगळ्या दंतकथा होत्या.

या वर्षी सहावीला मुखवटे दिले होते. फुगवलेल्या फुग्यावर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवायच्या, वाळलं की आतला फुगा फोडायचा, कवच उभं कापायचं आणि त्यावर लगद्याने नाक, ओठ, गाल चढवायचे. चेहरा घरातल्या कुणाचा तरी हवा. फोटो बघायचा नाही, आठवून करायचं.

"बाई, आजोबांच्या कानात केस आहेत. कशाचे लावू?"

"झाडूचे."

"ते चिडतील ना!"

"मग त्यांनी आधीच कापायचे होते."

खिडकीजवळ एक मुलगी बसायची. तिची एक वेणी कानाच्या वर आणि दुसरी खाली असायची, म्हणून सगळे तिला तिरपी म्हणत. तिची आई बेकरीत रात्रपाळीला होती. पहाटे घरी येऊन पडायची, त्यामुळे तिरपी आपल्या वेण्या आपणच घालून शाळेला यायची. बोलणं कमी. कुणाच्या मुखवट्याला दात बसत होते, कुणाच्याला चष्मा, आणि ही तास-तास एका गालावर अंगठा फिरवत बसलेली. तिने केलेल्या आईच्या मुखवट्याचं तोंड उघडं होतं. डोळ्यांच्या जागी दोन गुळगुळीत फुगवटे, खाली एकेक बारीक रेघ.

"डोळे राहिले गं तुझे," बाई म्हणाल्या.

"झाले बाई."

तेवढ्यात घंटा झाली, मुलं नळाकडे पळाली आणि ते दोन शब्द बाईंच्या कानावरून गेले. बाहेर जाताना मुलगी वळून म्हणाली, "बाई, उद्या आई येणार आहे. रात्रपाळीला सुट्टी काढलीये तिने. कध्धीच येत नाही ती." हे मात्र त्यांनी नीट ऐकलं.

उद्या प्रदर्शन होतं. शाळा सुटल्यावर बाईंनी सगळे मुखवटे बाकांवर मांडले आणि पदर खोचला. दरवर्षी त्या हेच करत. कुणाला सांगत नसत, कुणापासून लपवतही नसत. आजोबांची नजर जरा सरळ केली, एका मावशीच्या भुवया उचलल्या, कुणाच्या बाबांना पापण्या दिल्या, आणि प्रत्येकाच्या बुबुळात उजेडाचा एक ठिपका टाकला. गणिताचे सर दारातून डोकावले.

"बाई, तुमची मुलं दरवर्षी भलतीच हुशार निघतात. आणि सगळी एकसारखीच हुशार!"

"जा हो, तुमच्या बेरजा करा," बाई हसून म्हणाल्या.

शेवटी तिरपीचा मुखवटा हाती आला. बिचारीला डोळे जमलेच नाहीत, त्यांना वाटलं. आई येणार आणि पोरीने तिला आंधळी करून ठेवली. बाईंनी बारीक कुंचला घेतला. पांढरं, काळं, कडेला बदामी, आत उजेडाचा ठिपका. डोळे असे उतरले की खुद्द वडिलांनी मान डोलावली असती. बाई कडीकुलूप लावून समाधानाने घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुखवटे व्हरांड्याच्या भिंतीवर चढले. तिरपी भिंतीपुढून एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. मग बाईंपाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझा कुठाय?"

"अगं, हा काय! तुझ्या समोरच तर आहे."

मुलीने मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही माझी आई नाही."

"असं काय करतेस? छान झाल्यात की आई."

"ती झोपलीये बाई." मुलीचा आवाज इतका बारीक होता की बाई खाली वाकल्या. "मी निघते तेव्हा ती झोपलेली असते. आल्यावर ती कामाला निघायच्या घाईत असते, तेव्हा नीट बघता येत नाही. सकाळी मी बघते. डबा भरून झाला की बघते. ही बाई कोण आहे?"

बाई सरळ झाल्या. भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं. आजोबा, मावशी, कुणाचे बाबा, कुणाची थोरली बहीण, सगळे एकाच नजरेने बघत होते. सगळ्यांच्या बुबुळात डावीकडून तोच उजेडाचा ठिपका. इतक्या घरांतली इतकी माणसं, आणि आतून डोकावणारं माणूस एकच. किती वर्षांच्या भिंती अशा गेल्या असतील, याचा हिशेब करायची त्यांची छाती होईना.

"आई कधी येणार?"

"जेवायच्या सुट्टीत."

पुसून भागण्यासारखं नव्हतं. ओला बोळा लावला असता तर रंगाबरोबर खालचा लगदाही सुटून आला असता, आणि नवा लगदा दुपारपर्यंत वाळला नसता. बाईंनी मुखवटा उतरवला आणि मुलीला घेऊन जिन्याखालच्या खोलीत आल्या. "पातळ कागद लाव. पापण्या मिटू आपण. मिटू म्हणजे, तू मिट."

मुलीने कागद फाडला आणि खळीत बुडवला. पहिली पट्टी सुरकुतली. बाईंचा हात उचलला गेला. त्यांनी तो मागे घेतला, पण दुसरी पट्टी वाकडी बसल्यावर तो पुन्हा निघाला. शेवटी बाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बाकावर बसल्या. गंगाळातल्या पाण्याचा अंदाज घ्यायला बोट घालावं, तसा मुलीने रंग आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघितला. फार पिवळा झाला. पुन्हा कालवला.

दारात गर्दी जमली होती. "बाई, आम्हालापण बदलायचंय," आजोबांचा नातू म्हणाला. "आमचे आजोबा तिरळे आहेत. तुमचे सरळ बघतात."

"मग घे रंग. ज्याला बदलायचंय त्याने घ्या."

काहींनी घेतले. काही म्हणाले, "आमचे असू द्या, तुमचेच भारी आलेत." बाईंना हे जास्त लागलं.

"बाई, प्रदर्शन आहे की पळापळ?" गणिताचे सर रंगाच्या वाट्या ओलांडत म्हणाले.

"दुरुस्ती चाललीये."

"मुलांची?"

"नाही, माझी."

सरांनी टेबलफॅन आणून दिला.

आई आली तेव्हा मुखवटा भिंतीवर होता. एक पापणी वाळली होती, दुसरी अजून ओली होती आणि वजनाने जरा ओघळली होती. बाई खांबाशी उभ्या राहिल्या. जणू आज त्यांचाच निकाल होता. आई उंच, खांदे पडलेली, डोळ्यांत अपुरी झोप. ती मुखवट्यासमोर थांबली. आपोआप तिचा हात स्वतःच्या तोंडावर गेला.

"अगं बाई! एवढं तोंड उघडं टाकते मी?"

"याहून जास्त," तिरपी म्हणाली. "लगदा पुरला नाही."

"आणि घोरते?"

"घोरतेस. ते करता येत नाही."

आई हसली, मग हसायची थांबली. "रोज बघतेस मला अशी?"

"हो."

"मग उठवत का नाहीस गं? दोन मिनिटं बोललो असतो. वेणी तरी घातली असती."

"तू दमलेली असतेस. आणि उठलीस की लगेच घड्याळ बघतेस."

आईने हात पुढे करून ती ओघळलेली पापणी अंगठ्याने वर दाबली. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं, तशी. कागद ओला होता. अंगठ्याचा खळगा उमटला आणि कडेला चीर गेली.

"अय्या, मोडलं का गं?"

"असू दे," मुलगी म्हणाली. "आता ती तुझीच झाली."

बाईंना तो खळगा खांबापासून स्पष्ट दिसत होता. बुजवायला चिमूटभर खळ पुरली असती. त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि आईने वळून "बाई तुम्हीच का?" असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हो, मीच. पण हे हिने एकटीने केलंय."