साहेबांची पहिली अकरा वर्षं

कॉलेजच्या फलकावर आमच्या पथकाच्या शिबिराची सूचना लागली आणि तिच्यात 'तारकर्ली' हा शब्द दिसला, तेव्हा मी ती तीनदा वाचली. विद्यापीठाचं नौदल पथक, पन्नासेक मुलं, दोन होड्या आणि तीन अधिकारी, हे सगळं लटांबर दिवाळीनंतर दहा दिवस माझ्या गावच्या सुरूच्या बनात तंबू ठोकून राहणार होतं. मुंबईत दोन वर्षं 'मालवण म्हणजे नक्की कुठे रे?' या प्रश्नाला उत्तरं देऊन मी कंटाळलो होतो. आता सगळ्यांना नेऊनच दाखवणार होतो. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला विचारू नका.

आनंदाला दुसरंही कारण होतं. नौदलात अधिकारी होण्यासाठीच्या निवडीचा फॉर्म माझ्या ट्रंकेत होता. त्यावर दोन सह्या हव्या होत्या. एक पथकप्रमुखांची, शिफारस म्हणून. दुसरी वडिलांची, कारण मी अजून एकवीस वर्षांचा झालो नव्हतो. पहिली या शिबिरातच मिळेल असं वाटत होतं. दुसरीचा निकाल बाबांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतच लावून टाकला होता.

बाबा आमच्या गावच्या रापणीचे तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर धरून ओढायचं लांबलचक जाळं. ते कुठे टाकायचं आणि कधी ओढायचं, हे बाबांनी पाणी बघून ठरवायचं आणि चाळीस माणसांनी मुकाट ऐकायचं. "तुका शिकवलंय ता हापिसात बसाक," ते मला म्हणाले होते. "पांढरे कपडे करून दर्यात जातत, तेंका दर्यो म्हायत नसता. मी सही करूचंय नाय." बाबांनी एकदा नाही म्हटलं की आई मध्ये पडत नसे, तिथे माझी काय कथा.

फॉर्मात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. तिथे मी 'व्यापार' असं लिहिलं होतं. मासे विकले जातातच, म्हणजे तो व्यापारच की, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती घालायला फार वेळ लागला नाही, याची आज लिहितानाही लाज वाटते.

शिबिराच्या उद्घाटनाला गावकरी, शाळेचे मास्तर आणि खुद्द मामलेदार येणार होते. त्यांच्यापुढे तिन्ही अधिकाऱ्यांची ओळख मी करून द्यावी असं ठरलं. गाव तुझं, भाषा तुझी, मग बोलायचंही तूच, असं आमचे प्राध्यापक म्हणाले. मी वही घेऊन आगबोटीवर तिघांच्या मागे लागलो.

हे प्राध्यापक आम्हाला एरवी पदार्थविज्ञान शिकवायचे आणि शनिवार-रविवारी पथकात लेफ्टनंट असायचे. त्यांची कारकीर्द मला हप्त्याहप्त्याने मिळाली, कारण बंदरातून बाहेर पडल्यापासून ते कठड्याला लटकले होते. पदवी कधी घेतली ते सांगायचे, कठड्यावरून वाकायचे, तोंड पुसायचे, मग कोचीनला तीन महिन्यांचं प्रशिक्षण कसं झालं ते सांगायचे आणि पुन्हा वाकायचे. लाटेची लांबी आणि वेग यांचं गणित फळ्यावर मांडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाट मात्र त्यांच्यावर रुसलेली होती.

दुसरे सब-लेफ्टनंट, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. वडील न्यायाधीश, शाळा थंड हवेच्या ठिकाणी, मग सैन्यदलाची प्रबोधिनी, मग जहाजावरून परदेशवारी. इस्त्री अशी की कोकणच्या आगबोटीवर बसूनसुद्धा पँटची घडी मोडली नाही. मी तर त्यांच्यावर लट्टूच झालो. अधिकारी असावा तर असा, हे मी तिथल्या तिथे मनात ठरवून टाकलं.

तिसरे आमचे पथकप्रमुख, लेफ्टनंट कमांडर. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. छातीवर युद्धातल्या पदकांच्या फितींची ओळ, बोलणं इंग्रजीत आणि तेही मोजकं. ते दोराच्या वेटोळ्यावर बसले आणि म्हणाले, लिही. वडील मच्छीमार, कारवारच्या बाजूला. शाळा चौथीपर्यंत. पंधराव्या वर्षी कराचीला जाऊन खलाशी झालो. डेक घासला, बटाटे सोलले, नांगराची साखळी रंगवली. युद्धात जहाज बुडालं तेव्हा एक पूर्ण दिवस पाण्यात काढला. अशी अकरा वर्षं. मग परीक्षा दिली आणि अधिकारी झालो. त्यानंतरची पंधराएक वर्षं त्यांनी दोन वाक्यांत उरकली.

मी मान डोलावत सगळं लिहून घेतलं. नंतर ट्रंकेवर बसून भाषण उतरवून काढताना मात्र माझं पेन अडलं. ज्या गावात माझ्या बाबांना मामलेदार कचेरीत बसायला खुर्ची देत नाहीत, त्या गावात आमचे प्रमुख म्हणजे मच्छीमाराचा मुलगा आणि डेक घासणारा खलाशी, असं सांगायचं? साहेबांची शोभा होईल. मी त्यांची कारकीर्द अधिकारी झाल्यापासून सुरू केली आणि आधीची अकरा वर्षं गाळून टाकली. मी साहेबांची लाज राखतोय, अशीच माझी प्रामाणिक समजूत होती.

उजाडता उजाडता मालवण आलं. आमच्या पाच-पाच वल्ह्यांच्या दोन्ही होड्या आगबोटीवरून पाण्यात सोडल्या, शिडं चढवली आणि किल्ला उजव्या हाताला टाकून आम्ही दक्षिणेला सुटलो. वाऱ्याने शीड असं भरलं की सगळी पोरं ओरडायलाच लागली. मी लहानपणापासून त्याच पाण्यात वाढलो होतो, पण पांढऱ्या गणवेशात, छाती काढून, पहिल्यांदाच चाललो होतो. दिसेल त्या माडाकडे बोट दाखवून मी माहिती देत होतो, कुणी ऐको न ऐको.

तारकर्लीसमोर आल्यावर शिडं उतरवली आणि मोठे साहेब स्वतः सुकाणूवर बसले. किनाऱ्यापाशी लाटा फुटत होत्या. सब-लेफ्टनंट दुसऱ्या होडीतून थेट आत घुसले, होडी आडवी झाली आणि त्यांची इस्त्री छातीपर्यंत भिजली. आमचे साहेब थांबले. मागे वळून पाणी बघत राहिले. तीन मोठ्या लाटा खालून जाऊ दिल्या, चौथी येताना म्हणाले, "मारा वल्ही," आणि आमची होडी वाळूवर अलगद जाऊन टेकली. बाबाही होडी अशीच किनाऱ्याला घेतात, हे मला त्या क्षणी जाणवलं, पण उत्साहाच्या भरात ते लगेच विसरलोही.

उद्घाटन वाळूवरच झालं. पलीकडे पन्नास पावलांवर रापण ओढणं चाललं होतं आणि बाबा दोराच्या टोकाला उभे राहून ओढणाऱ्यांना हाताने इशारे करत होते. माझ्या मित्रांनी विचारलं, "तो उंच म्हातारा कोण रे?" मी म्हटलं, "तो तांडेल." खोटं बोललो नाही. तेवढ्यावरच थांबलो.

भाषण मात्र मी झोकात केलं. टाळ्याही पडल्या. मग मोठे साहेब उठले आणि गावकऱ्यांशी चक्क कोंकणीतून बोलायला लागले. "ह्या भुरग्यान खरें सांगलें, पूण अर्दें सांगलें. म्हजो बापूय रांपणकार." या पोराने खरं सांगितलं, पण अर्धंच; माझा बाप रापण ओढणारा, असं म्हणून पुढे त्यांनी ती अकरा वर्षं एकेक करून सांगितली, बटाट्यांसकट. मागच्या बाजूला टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका हसत हसत पुढे सरकल्या. बोलणं संपल्यावर साहेबांनी टोपी काढून प्राध्यापकांच्या हातात दिली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ रापणीच्या दोराला जाऊन लागले. टाच वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एका लयीत मागे चालत. असं ओढणं कुणी शिकवून येत नाही.

मग काय, सगळं पथक धावलं. प्राध्यापकसुद्धा मामलेदारांच्या हाती टोपी देऊन दोराला लागले आणि जमिनीवर त्यांची ताकद चांगलीच निघाली. दोन्ही बाजूंचे दोर जवळ येत गेले, हाकारे वाढत गेले, पाणी उसळायला लागलं आणि जाळ्याचा घोळ वाळूवर आला तेव्हा आत नुसता चांदीसारखा बांगडा तडफडत होता. मुंबईची पोरं वेड लागल्यासारखी नाचत होती. मी एकटा हातात भाषणाचा कागद धरून, इस्त्रीच्या कपड्यांत, कोरडा उभा होतो. जावंसं फार वाटत होतं. पण दोर धरला असता तर शेजारचा कुणी काका सहज म्हणाला असता, "ह्यो तांडेलाचो झील," तांडेलाचा मुलगा, आणि माझा व्यापार तिथेच बुडाला असता.

वाळूवर वाटे पडले. आमच्याकडे रीत अशी की जो दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो, मग तो वाटेने जाणारा परका का असेना. साहेब नको म्हणायला लागले, तेव्हा बाबा म्हणाले, "दोरीक हात लावलात सायबानू, वाटो घेवकच होयो." पन्नास पोरांच्या हातात बांगडे आले. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि तो? तोही आमचाच आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. "तेणा दोरीक हात लावल्यान नाय," ते म्हणाले. "माझो झील आसा म्हणान काय वाटो मिळाचो नाय."

एवढं बोलून ते जाळं झटकायला गेले. कान तापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

दुपारी साहेबांनी मला तंबूत बोलावलं. शिफारशीसाठी मी आगबोटीवरच दिलेला माझा फॉर्म त्यांच्यासमोर होता. त्यांनी 'व्यापार' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणाचे वडील?" मग त्यांनी तो बाजूला सारला. "माझी अकरा वर्षं तू का गाळलीस ते आता समजलं," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटीतून कोरा फॉर्म काढला आणि माझ्या हातात दिला. "वर वडिलांची सही, खाली माझी. वरची झाल्याशिवाय मी खालची करत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी अर्धी चड्डी घालून रापणीवर गेलो. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दोन वर्षं पेन धरलेल्या हातांना दोराने पाच मिनिटांत फोड आणले. पण दोर ताणला, पाय वाळूत रुतले, चाळीस जण एका हाकाऱ्यावर मागे सरकले आणि माझ्या अंगात असा काही जोर संचारला की मी सगळ्यांच्या वरताण ओरडत होतो. माझ्यामागे उभे असलेले काका म्हणाले, "हळू रे, तुटात दोरी." मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वाटे पडल्यावर बाबांनी इतरांना बोलावलं तसं मलाही बोलावलं. माझ्या ओंजळीत बांगडे टाकले. ते वाळूवर ठेवून मी होडीत कोरडा ठेवलेला फॉर्म आणि पेन काढलं. बाबांनी फॉर्म हातात न घेताच विचारलं, "माझ्या नावाफुडे काय लिवलंस?"

"मासेमारी. रापणीचे तांडेल."

त्यांनी पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "तो तुझो सायब होडी हाडताना लाटो मोजी होतो. मी बगलंय. तसो होवक बगशीत तर सही करतंय."

मी पेन पुढे केलं. त्यांनी हात पंच्याला पुसले, फॉर्म होडीच्या फळीवर ठेवला आणि एकेक अक्षर कोरत सही केली. हात उचलला तेव्हा सहीशेजारी बांगड्याचं एक खवलं चिकटलं होतं. मी ते नखाने खरवडायला गेलो.

"ऱ्हवांदे," बाबा म्हणाले. "तेका कळतला."

मी तसाच ओल्या कपड्यांनी तंबूकडे धावलो. साहेबांनी वरची सही पाहिली, खवलं पाहिलं, ते अंगठ्याने नीट दाबून बसवलं आणि मग पेन मागितलं.