पन्नास नंबरच्या रस्त्याचं शून्य

सोजरबाईशी कुणी गोड बोललं की तिला संशय येतो. "काय पायजे?" हाच तिचा नमस्कार. हे दोन शब्द उजव्या गालात पान दाबून, दात न उघडता म्हणायचे. दात उघडून म्हटले तर ती दुसरीच कुणी सोज्वळ बाई वाटते.

तिचं पत्र्याचं हॉटेल फाट्यावर आहे. मुंबई-पुण्याचा चार नंबरचा रस्ता सरळ पुढे जातो आणि त्यातून पन्नास नंबरचा फुटतो, तो भोसरी, चाकण, खेड करत नाशिकला. या पन्नास नंबरचा पहिला दगड, म्हणजे शून्याचा, सोजरबाईच्या दारासमोर होता. पिवळं डोकं, पांढरं अंग, त्यावर काळं शून्य, खाली नाशिकचं नाव. पुढे बांधकाम खात्यानं मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे लावले आणि नाशिकपर्यंत सगळे आकडे बदलले, तेव्हा ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "समद्यांचं बदललं. माझ्या शून्याला कोन हात लावतंय?"

या शून्यावरच तिची चूल पेटायची. पिंपरीहून नव्या ट्रकचे नुसते सांगाडे निघतात. त्यांना चासी म्हणायचं. केबिन नाही, काच नाही. लाकडी खोक्यावर ड्रायव्हर बसलेला, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला टॉवेल. नाशिककडे जाणारा चासीवाला शून्याच्या दगडावर नारळ फोडल्याशिवाय त्या रस्त्याला चाक लावत नसे. नारळ सोजरबाईचा, चहा तिचा, मटण-भाकरी तिची. शिव्या फुकट.

चौऱ्याहत्तर साली फाट्याचं वळण ट्रकांना अपुरं पडायला लागलं. खात्यानं रस्त्याचं तोंडच दोन शेतं पुढे सरकवायचं ठरवलं. आणि सरकवून ते आणलं कुठे, तर दौलतरावच्या दारात.

दौलतराव हा तिचा चुलत दीर. नवरा गेला तेव्हा तेराव्याच्या पंगतीतच हा म्हणाला होता, "वैनी, बाईमानसाला हाटेल झेपायचं न्हाई. माझ्या नावावं करा." तिनं त्याच्या पानात वाढता वाढता डाव तसाच वर धरला आणि त्याला उपाशी उठवलं. तेव्हापासून ती त्याला अगदी आदरानं 'भावजी' म्हणते. तो शब्द तिच्या तोंडून ऐकला की माणसाला अंगावर पाल पडल्यासारखं वाटतं.

ओव्हरसियर जीपमधून उतरला. त्याचं वाक्य नाकातून वाचावं. "बाई, सदर रस्त्याचा आरंभबिंदू स्थलांतरित झालेला आहे."

"तुमच्या बापाचा रस्ता हाय का?" सोजरबाई म्हणाली आणि दगडावर जाऊन बसली.

मुकादम सोनबा पहार घेऊन उभा होता. त्यानं साहेबाकडे बघितलं, बाईकडे बघितलं आणि पहारीला टेकून तंबाखू मळायला घेतली. दगड काही निघाला नाही. शेवटी ती चुलीवरचं दूध बघायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी दगडाला चुना फासला. ती बाहेर आली तर दारात नुसता पांढरा फत्तर. नाशिककडे बाण दाखवणारी पाटीही जीपमध्ये गेली. नवं शून्य दुसऱ्या दिवशी दौलतरावच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर रोवलं गेलं.

दौलतरावनं लगेच बोर्ड लावला: 'न्यू आरंभ हॉटेल. मटण, चिकन, अंडी.' भोवती रंगीत दिवे. चासीवाले तिकडेच नारळ फोडायला लागले आणि तिकडेच जेवायला बसले. दौलतराव दारात उभा राहून मुद्दाम या बाजूला ढेकर द्यायचा. एवढ्या लांबून ढेकर ऐकू येत नाही, पण सोजरबाईला यायचा.

करीम ड्रायव्हर तिचं जुनं गिऱ्हाईक. तो एक दिवस चासी थांबवून नुसतं पाणी प्यायला आला.

"सोजरबाय, रस्सा तेराच अच्छा है. दौलतराव के रस्से में तो बोटी को तैरना पडता. लेकिन नारियल शून्य पेच फोडना पडता ना? फिर गाडी उधरच खडी रहती."

"जा मग. त्याच्या रश्श्यात बुड."

"गुस्सा मत हो बाय."

"गुस्सा कुनाला आलाय? माझी चूल इझाया लागली, तुला गुस्सा सुचतोय."

खरंच विझायला लागली होती. भाकरीला बसवलेली बाई तिनं काढून टाकली. पातेली पालथी पडली. दौलतरावनं निरोप धाडला, "वैनींना म्हनावं, भांडी घासाया या. घरचंच हाय." त्या निरोपाला तिनं उत्तर दिलं नाही. सोजरबाईनं उत्तर दिलं नाही, असं फाट्यावर पहिल्यांदाच झालं, आणि सगळे जरा घाबरले.

अमावस्येच्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी, ती न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, ताट घेऊन निघाली. दौलतरावकडे बाकं भरलेली, करीमच्या तोंडात मटणाची नळी. तिनं कुणाला काही विचारलं नाही. तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि शून्याच्या दगडाला डोक्यापासून खाली फासला. शून्य बुडालं, नाशिक बुडालं. वर रुप्याचे दोन डोळे चिकटवले. बरोबर हॉटेलाच्या दाराकडे बघणारे. रुईची माळ घातली आणि हात जोडले.

"रस्त्याच्या देवा, माझी चूक झाली. इतकी वर्सं तुला उघडा ठिवला. आता हितं नांद. आमच्या भावजींच्या दारात नांद. त्येंचं भलं कर."

हे पाकात बुडवलेल्या आवाजात म्हणायचं. असा आवाज तिच्याकडे आहे हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नसावं.

सगळे ड्रायव्हर उभे राहिले. चपला निघाल्या. करीमनं तोंडातली नळी हळूच टेबलाखाली ठेवली.

पूर्वी तिच्या दारातल्या शून्याला कुणी ड्रायव्हर कुंकू लावायला गेला की ती पळी हाणायची. नारळ फोडा, पण रंग लावायचा नाही. ती का हाणते, हे दौलतरावला आजवर उमगलं नव्हतं. आता देव टक लावून बघत असताना बोटी उचलायला एकाचाही हात होईना, तेव्हा उमगलं.

मग फार मजा झाली. चासीवाले नवीन शून्यावर नारळ फोडायचे, नमस्कार करायचे आणि भूक लागली म्हणून चासी उलट फिरवून सोजरबाईकडे यायचे. दौलतरावनं दारात गोणपाटाचा पडदा लावला. उरलेसुरले ड्रायव्हर म्हणाले, "देव को परदा?" आणि तेही गेले. त्यानं सोनबाला शेंदूर खरवडायला सांगितलं.

"मालक, मला लेकरंबाळं हायती," सोनबा म्हणाला.

ओव्हरसियर आकडे रंगवायला आला. डोळे बघितले. "हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही," म्हणाला आणि जीपमधूनच छातीला हात लावला.

शेवटी दौलतराव स्वतः सोजरबाईच्या दारात आला. "वैनी, तुमी बसवला, तुमीच उतरवा. देवाला इचारा तरी."

"इचारते की." तिनं डोळे मिटले, पान चघळलं, डोळे उघडले. "न्हाई म्हनतोय."

परवा खात्यानं रस्त्याचं तोंड आणखी पुढे नेलं. पाट्या नव्या आल्या, दगड नवा आला. दारातला देव आता जाणार म्हणून दौलतरावनं पेढे वाटले. पण जुनं शून्य उचलायला मजुरांपैकी एकही पुढे झाला नाही, आणि चासीवाल्यांनी नव्या दगडाला शून्य मानलंच नाही. त्याला डोळे कुठे आहेत?

दौलतरावची बायको कस्तुरा भारी देवभोळी. दारात देव आल्यापासून तिनं घरातही मटण शिजवणं बंद केलं. त्यामुळे दौलतराव हल्ली दर रविवारी सोजरबाईकडे येतो, आतल्या बाकावर रस्त्याकडे पाठ करून बसतो. ती त्याला हातानं वाढते, पातेल्याच्या तळातलं निवडून.

"वैनी, निस्ती हाडंच हायती."

"चावा की भावजी. दात हायेत तवर चावा."